इम्पाला पुरी झाली की येतो

मी सदा, कुडाळच्या बाजूचा, साहेब. गावाचं नाव लिहू नका, तिथे सगळे वाचतात आणि मग चावडीवर बसून त्याचा अर्थ लावतात. माझा बाप होड्या दुरुस्त करायचा, खाडीतल्या, त्याचा हात लाकडावर चालायचा, मला मात्र लाकूड कधी जमलं नाय, मला पत्रा जमला. मुंबईला कुर्ल्याला मामाच्या ओळखीने गॅरेजात लागलो, तिथे डेंटिंग शिकलो. डेंटर म्हणजे काय, तर पोचलेल्या पत्र्याला आतून डॉली, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, लावायची, बाहेरून हातोडी, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, त्याला त्याच्या जागेवर आणायचं. पत्र्याला पण आपली जागा माहीत असते, त्याला फक्त आठवण करून द्यायची. हे मी नाय बोलत, माझा उस्ताद बोलायचा. मग कोणीतरी बोललं कुवेतला माणूस पाहिजे, आलो. दोन वर्षांसाठी आलो होतो. सगळेच दोन वर्षांसाठी येतात, तुम्ही पण तसेच आला असाल मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत, काय खोटं सांगतो का?

तर आमचं गॅरेज शुवेखला, आणि मी राहतो फरवानियात, एका खोलीत सहा जण, सगळे आपलेच, कोकणातले. माझ्या हाताखालून काय काय गेलं असेल, आता मोजत नाय. पण तुम्ही विचारताय ती इम्पाला. तिचंच सांगतो, बाकीच्या गाड्यांचं काय, आल्या आणि गेल्या.

बू नासर म्हणून एक म्हातारा आहे, कुवेती, बनेद अल-गारला राहतो. बू नासर म्हणजे नासरचा बाप. इथे माणसाला त्याच्या मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे बायकांना मारतात ना, बाळूची आई, तसं. त्याचा बाप जुन्या काळी जहाजाने मुंबईला यायचा, म्हणून म्हाताऱ्याला मोडकंतोडकं हिंदी येतं. त्याने ज्वानीत ही गाडी घेतली होती, अमेरिकेची, दोन दरवाज्यांची, लांब एवढी की आमच्या खोलीत मावणार नाय. नंतर ती समुद्रावरच्या त्याच्या घराजवळ उभी राहिली ती राहिलीच. इराकची लढाई झाली, पोरं मोठी झाली, नवीन गाड्या आल्या, आणि ही आपली खाऱ्या वाऱ्यात. खारं वारं लोखंडाचं काय करतं ते मला कोणी सांगायला नको, मी खाडीकाठचा. ती ट्रकवर घालून गॅरेजात आणली तेव्हा मडगार्डला बोट लावलं तर बोट आत गेलं.

मी त्याला बोललो, बाबा, अमेरिकेहून नवीन पत्रे मिळतात, बोनेट, दरवाजे, मडगार्ड, सगळं तयार येतं, मागवा आणि बसवून टाकू, वर्षभरात गाडी पळेल. तर म्हातारा बोलला, नाय. मग ती गाडी दुसरी होईल. मला हीच पाहिजे, हाच पत्रा, जेवढा जगेल तेवढा जगव. आता असं गिऱ्हाईक कुठल्या डेंटरला मिळतं? सगळे बोलतात लवकर दे, पुट्टी भर, रंग मार, कोणाला कळतंय. हा बोलतो सावकाश कर. मला आतून असं बरं वाटलं, काय सांगू तुम्हाला. मला वाटलं, हेच काम करायला मी आलो होतो, बाकीचं सगळं आपलं पोटाचं.

आणि तेव्हाच मी बायकोला फोनवर शब्द दिला. तेव्हा मुलाचं लग्न झालं होतं, घर बांधून झालं होतं, ती बोलली, आता कशाक रवलात थंय, येवा ना. मी बोललो, ही एक गाडी आहे, इम्पाला, ती पुरी झाली की येतो, कायमचा. हे बघा, मी काय खोटं बोललो नाय. मला खरंच वाटलं होतं वर्ष, फार तर दोन.

तिने काय केलं माहितीये? रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. तुमच्याकडे नाशकात असतं का? आमच्याकडे गावकर उभा राहतो, मोठ्याने देवाला सांगतो आमक्याचं असं असं आहे, आणि सगळी माणसं ओरडतात, होय म्हाराजा. तर तिने सांगायला लावलं, बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचो घोव परदेशात आसा, तेची ती अमेरिकेची गाडी बेगीन पुरी होवंदे आणि तो सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा. आणि सगळा गाव, होय म्हाराजा! अमेरिकेच्या गाडीचं गाऱ्हाणं, कुडाळात. मी बू नासरला सांगितलं तर म्हातारा खुर्चीवरून पडायचा बाकी होता हसून. मग शांत झाला आणि बोलला, तुझ्या बायकोला सांग, मी पण इन्शाल्ला बोललोय.

पण साहेब, ते काम कसं होतं ते ऐका. दिवसभर मी दुसऱ्या गाड्या करायचो, ठोकलेल्या, उलटलेल्या, कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाचं, गॅरेज त्याच्यावर चालतं. इम्पालाला मधला मधला वेळ, आणि शुक्रवार. शुक्रवारी नमाजनंतर बू नासर यायचा, थर्मासमध्ये चहा घेऊन, खुर्ची टाकून बसायचा. मी सडलेला भाग कापायचो, तेवढाच, नखाएवढा जास्त नाय, आणि त्याच मापाचा तुकडा घडवून वेल्ड मारायचा. मग पत्रा तापतो, तापला की फुगतो, फुगला की परत डॉली आणि हातोडी. मग डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला फसवता येतं, तळव्याला नाय. तळव्याखाली जरा लाट लागली की परत. म्हातारा पण उठून तळवा फिरवायचा, आणि बोलायचा, इथे अजून आहे. खरंच असायची. कधी कधी नसायची पण, तरी मी बोलायचो, हो बाबा, आहे, आणि परत करायचो. आता वाटतं त्यातल्या काही लाटा आम्ही दोघांनी मिळूनच ठेवल्या होत्या.

बायको दर वर्षी विचारायची, झाली काय हो गाडी? मी सांगायचो, दरवाजे झाले. पुढल्या वर्षी, झाली काय? गाडीची खालची जमीन झाली, आता डिकी. ती बोलायची, असूंदे, बरी करा. मी सुट्टीवर जायचो दोन महिने. पहिले पंधरा दिवस मजा, मासे, पाहुणे, मग माझे हात शिवशिवायचे. गोठ्याचा पत्रा सरळ कर, शेजाऱ्याच्या टेम्पोचं मडगार्ड काढ. सून बोलायची, मामांनू, मुलं झोपलीत, जरा हळू. सुनेचं बरोबर होतं. घरात माझा टॉवेल कुठल्या खुंटीला ते मला दर वेळी विचारावं लागायचं, आणि बायको मला विचारायची, चाय घेतल्यात काय? पाहुण्याला विचारतात तसं. मला ते तेव्हा लागलं नाय. मला वाटलं काळजीने विचारते.

मधे ती स्कूटर शिकली. या वयात! बायकांचा गट आहे त्यांचा, कोकम, आगळ, काजूगर, असलं करून कुडाळच्या बाजारात देतात, ही सगळ्यांची पुढारी. आणि माझी गंमत बघा, जन्म गेला गाड्यांत पण मला इथलं लायसन नाय, आमच्यासारख्या कामगाराला ते मिळतं कुठे. इम्पाला मी गॅरेजच्या आवारात पुढे-मागे करायचो तेवढंच. गावी गेलो की ती स्कूटर चालवायची आणि मी मागे बसायचो, पिशवी मांडीवर घेऊन. लोक हसायचे, अरे कुवेतवालो मागे आणि बायको पुढे. मी पण हसायचो. ती हसायची नाय, ती रस्त्याकडे बघायची.

मागल्या सुट्टीत मी सहज विचारलं, यंदा गाऱ्हाणा घातलंस मा? ती कोकमं उन्हात पसरत होती. बोलली, नाय हो, विसारलंय. मी बोललो, असूंदे, आता गाडी झालीच समज, देवाला कशाला त्रास. एवढंच. आता तिच्या त्या ‘विसारलंय’वर मी किती दिवस विचार करत बसतो, आणि तेव्हा मी तिथून उठून टेम्पो बघायला गेलो.

तर या हिवाळ्यात गाडी झाली. खलास. निळा रंग, वर छत पांढरं, क्रोम असं की त्यात बघून दाढी करावी. आणि म्हाताऱ्याने तळवा फिरवला, बोनेटवरून, दरवाज्यावरून, मागपर्यंत, आणि परत पुढे आला, परत फिरवला. मी वाट बघत होतो, बोलेल, इथे आहे. तो बोलला, सदा, नाय रे काही. आणि खुर्चीवर जाऊन बसला. त्याला आनंद झाला होता, पण तोंड असं केलं त्याने, की घरातलं कार्य उरकून मांडव सोडतात ना, तसं.

मग बोलला, याल्ला, बस. स्वतः चालवायला बसला, एवढा म्हातारा, त्याचा मुलगा नको नको करत होता. मी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. शुवेखहून निघालो ते समुद्राच्या रस्त्याने बनेद अल-गारपर्यंत. सीट अशी मऊ की माणूस आत जातो. सिग्नलला पोरं उतरून मोबाईलवर शूटिंग करत होती, एक जण म्हाताऱ्याच्या हाताचा मुका घेऊन गेला. आणि मला आतून एकच, बायकोला दाखवू, बायकोला दाखवू. त्याच्या दिवाणियासमोर, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीसमोर, गाडी उभी केली, आणि मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

ती गटाच्या खोलीत होती, बायका बाटल्या भरत होत्या. मी कॅमेरा फिरवला. हीच काय ती? बोलली, अगो बघा गे, हेंची गाडी. सगळ्या बायका फोनमध्ये डोकावल्या. खूप बरी दिसता हो, बोलली. खूप म्हणजे खूपच बरी. ती खरंच खूश होती, खोटं नव्हतं ते. मग मी बोललो, झाली गो. मी येतंय आता. कायमचो.

ती फोन घेऊन बाहेर गेली. मागे माड दिसत होते, आणि तिची स्कूटर. मग हळू आवाजात बोलली, येवा ना. गणपतीक येवा. पण तिकीट रिटर्न काढा. मी हसलो, मला वाटलं थट्टा करते. ती हसली नाय. बोलली, रागावू नकात. दोन म्हयने बरे जातत, तिसऱ्यात तुमीय कंटाळतल्यात आणि मीय. मी बोललो, अगो, तूच गाऱ्हाणं घातलंस ना? तर बोलली, घातलंय ना. लय वर्सां घातलंय. माका आता तुमची सवय नाय ओ रवली.

भांडली असती तर बरं झालं असतं, साहेब. तिने मला शिवी दिली असती, एवढी वर्षं खय होतास असं विचारलं असतं, तर मला काही बोलता आलं असतं. ती इतक्या मायेने बोलली, की मी म्हटलं, बरा, बघतंय. बू नासरने विचारलं, मदाम खूश? मी बोललो, बहुत खूश. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत जाऊन सगळ्यांना सांगितलं की याची बायको बहुत खूश.

आता गाडी त्याच्या घरी कापड घालून ठेवलीय. मुलगा चावी देत नाय त्याला, डोळे अधू झालेत, मुलाचं पण बरोबर आहे. शुक्रवारी म्हातारा येतो अजून, कधी कधी, थर्मास घेऊन, दुसऱ्याची ठोकलेली गाडी बघत बसतो. मी चहा पितो. मला फार वाईट वाटतं साहेब, खोटं कशाला बोलू, पण वाईट वाटतं ते गाडीचं नाय. गाडी छान झाली. एवढं सावकाश, एवढ्या मायेने मी दुसरं काहीच केलं नाय आयुष्यात, ह्याचं वाटतं. पत्र्याच्या लाटा मी तळव्याने ओळखायचो, आणि ती मला चाय घेतल्यात काय विचारायची ते ओळखलं नाय.

इकामा, इथे राहायचा परवाना, कफीलने परत लावून दिलाय. तिच्यावर माझा राग नाय हं, तसं लिहू नका. तिने वाट बघितली, जेवढी बघायची तेवढी बघितली, मग स्कूटर शिकली. देव तिला सुखात ठेवो, तिच्या गटाचं भलं करो. आणि तुम्ही, तुम्हाला सांगतो, रागावू नका, तुमचं ते प्रोजेक्ट पुरं व्हायची वाट बघू नका.

परवा तिकीट काढायला गेलो फरवानियात, तो ट्रॅव्हलवाला केरळचा आहे, माझ्याच वयाचा, वर्षानुवर्षं त्याच्याकडेच काढतो. त्याला मी सगळ्यांच्या आधी सांगून ठेवलं होतं की यंदा गाडी होणार आणि मी कायमचा घरी जाणार. त्याने मला बघून खुर्ची पुढे केली, बोलला, सदाभाई, इस बार तो वन वे ना? त्याच्या तोंडावर एवढा आनंद होता की मला त्याचं मन मोडवेना, मी पहिल्यांदा हो बोललो. मग त्याने नाव घालायला सुरुवात केली तेव्हा सांगितलं, नाय रे, आना-जाना. गणपतीला जातोय, नंतर परत इथेच.