दसऱ्याला उघडलेली पेटी

मंडळी, ऐका! आधी एवढं सांगा – घर राखतं कोण? कुलूप, की ते लावणारा हात? कुलूप म्हणताय? बसा मग नीट!

पिंपळटेक गावी अक्काताई म्हेत्रे. नवऱ्याच्या मारातून सुटलेल्या बायकांना आसरा शोधून देणारी. कोण कुठं लपलीय, ते सारे पत्ते तिच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर – म्हणजे कोपऱ्यातला तो अखंड घरघरणारा संगणक. किती घरघर? शेजारच्या म्हशी त्याच्या तालावर रवंथ करायच्या! हसता काय? म्हशींना विचारा!

तालुक्याहून नसीमा आली, या विद्येतली जाणकार. म्हणाली, "अक्का, सगळ्या फायली सर्व्हरमधल्याच ह्या एका कुलूपबंद पेटीत घातल्यात. पेटी मिटलेली असली, की चोरानं सर्व्हर उचलून नेला तरी त्याला दिसेल नुसता अक्षरांचा भुसा. उघडायचा परवलीचा शब्द फक्त तुमच्याकडे. पण काम झालं की मिटायची, बरं का!"

"मिटीन गं बाई!"

आला दसरा. सर्व्हरला हळदकुंकू, झेंडूचा हार! मुहूर्तावर अक्कांनी शब्द टाकला, पेटी उघडली. मग? "शुभ वेळेला उघडलंय, लगेच कसं मिटायचं? उद्या बघू."

तो उद्या पौष उजाडला तरी आला नाही!

एका दुपारी दारात रंगराव. अक्कांनी आसऱ्याला लावलेल्या सुगंधाचा नवरा – वर्षभर तिला हुडकणारा. अक्का एकट्या. त्यांना ढकलून हा खुर्चीत! पेटी उघडीच. यादी सरकू लागली... कमळ... पारू... रखमा... आता 'स' –

फट्! वीज गेली! आणि वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या बॅटरीत पाणी घालायचं? तेही उद्यावरच! सर्व्हर गप्प. म्हशींचं रवंथ थांबलं!

घटकाभरानं वीज आली. पण सर्व्हर विझला, तशी पेटी आपोआप मिटली होती. पडद्यावर एकच ओळ – परवलीचा शब्द टाका.

"सांग, म्हातारे! हात मोडीन!"

"मोड. शब्द हातात नाही ठेवलेला."

म्हशींकडं आलेल्या बायांनी गलका केला, तेव्हा कुठं तो पळाला.

अक्कांनी सुगंधाला फोन लावला. "पोरी, मीच तुला उघड्यावर टाकलं होतं गं." पलीकडून हळूच – "अक्का, आता मिटलीय का?"

मंडळी, तुमच्याही पोटात कुणी विश्वासानं काही ठेवलंय. पारावर, पाणवठ्यावर, मोबाइलवर ती पेटी उघडी पडते. वीज काही दर वेळी वेळेवर जात नाही! घरी जाताना मनात तेवढं एक विचारा –

आता मिटलीय का?