दहा मिनिटं पुढे

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा होत्या. धाकटी नुकतीच लग्न होऊन आलेली.

“ताई, सासूबाईंचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मी बरोबर लावू?”

“अगं, सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सगळे वेळेवर पोचतात. धन्य आहे त्या बाईची!”

“पण ती दहा मिनिटं खरी थोडीच असतात?”

“मीही हेच म्हणायचे. मामंजी दवाखान्यात होते, भेटायची वेळ पाचची. सासूबाई आपल्या घड्याळाप्रमाणे निघाल्या, लवकर पोचल्या. नर्सने आत सोडलं. पाच वाजले तेव्हा मामंजी गेलेले होते.”

“अगंबाई!”

“तोवर हातात हात घेऊन दोघं गप्पा मारत होते. जा, लाव आता घड्याळ बरोबर.”

“नको. थांबा, माझंच पुढे करते.”