मशीनचं पाणी

२००७ सालचा मे महिना होता. आळेफाट्याला आण्याची एसटी यायची होती. बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं पठारावरच्या जानकाबाई बसल्या, पलीकडं त्यांच्या वस्तीवर कॉलेजनं बसवलेल्या मशीनचं काम बघणारा रुपेश.

“मावशी, खरं सांगा. मशीनमध्ये पाणी कोणतं घातलं?”

“टँकरचं. तुरटी फिरवून, फडक्यानं गाळून.”

“अन् मशीनसाठी मी दिलेला शुद्ध पाण्याचा कॅन?”

“संपला.”

“दिवसा उन्हावर ते मशीन पाण्यातनं हायड्रोजन काढतं, अन् रात्री त्याच्यावर तुमचा दिवा लागतो. पाणी गढूळ असलं तर बंदच पडणार.”

“पडलंय की. तीन दिस झालं.”

“उद्या कॉलेजचे साहेब तपासायला येणारेत. बंद दिसलं तर दुसऱ्या वस्तीवर नेतील.”

“असं नगं रं. सुनंचं बाळंतपण आठ दिसांवर आलंय. सुईणीनं चिमणीच्या उजेडात नाळ कापायची का?”

“मग कॅन कुणाला पाजलात?”

“पावण्यांला. नितळ पाणी मशीनला अन् मानसांला गढूळ, असं कुठं व्हतं का?”

“कोण पाहुणे?”

“तुजंच सायेब. दोनदा आलं. म्हनलं, पठारावरचं पाणी लई हलकं!”

“आज मी मशीन धुऊन नवं पाणी घालतो. पण उद्या ह्या नव्या कॅनमधलं साहेबांना थेंबभरसुद्धा द्यायचं नाही.”

“दारी आल्याला पाणी बी न्हाई इचारायचं?”

“सुनेकडं बघा, मावशी.”



“मग ताक देते.”

“ताकात पाणी कुठलं?”

“टँकरचं. ताकात गढूळ कोन बघतंय?”