पायाळवाची मान

...आणि वर मलाच विचारतात, 'ग्रहणात इळी धरलंस काय गो?' धरली विळी, पोटुशी होते तरी. मासे काय दातांनी कापू? तुम्हाला सांगते, पोर दोन महिन्यांचं, माझा सहदेव, मान उजव्या खांद्यावर कललेली, हनुवटी डावीकडे, अन् मिठबावात जो तो येतो, कारण सांगतो, चहा पितो, जातो. आणि मान? मान होती तिथंच.

शेजारच्या यमुनाकाकी तर रोज नवं कारण आणणार. सोमवारी 'नदर लागली', मंगळवारी 'उशी उंच', बुधवारी चार बायकांदेखत, 'आवशीक पोर धरूक येना नाय.' आवस म्हणजे मी हो... रडले त्या दिवशी, खोटं कशाला बोलू.

आता गंमत ऐका. सहदेव पायाळू, पाय आधी बाहेर आलेला. पायाळवाचा पाय लागला की उसण जाते, म्हणून अख्खं गाव माझ्या दारात पाठ उघडी टाकून! रापणीचं जाळं ओढून भिकाजीची कंबर धरली, लाव पाय. म्हणजे पोराचे पाय गुणाचे, मान तेवढी आईच्या पापाची... असं कुठं असतं का? आणि मान? मान होती तिथंच.

शेवटी एसटीत बसले, जामसंड्याला डॉक्टरकडे. त्यांनी बाळाचे डोळे बघितले, मानेवरून बोट फिरवलं, मग माझं बोट तिथं ठेवलं. कातडीखाली सुपारीएवढी गाठ.

'बाळ पायाळू का?'

'तुम्हाला कसं कळलं?'

'जन्मताना स्नायू दुखावला असेल, म्हणून आखडलाय. तुमची काही चूक नाही, बाई.'

दोन महिन्यांत एवढं एक वाक्य कुणाला सुचलं नव्हतं. अन् ज्या पायाळूपणापायी गाव पाठी घेऊन येत होतं, त्यातच पोराची मान आखडलेली! मग त्यांनी दाखवला तसा मानेचा व्यायाम, दिवसातून पाच वेळा, चार महिने झाले, अजून चालू आहे. हळूहळू वळली.

काल सकाळी दारात कोण? यमुनाकाकी, मान खांद्यावर. 'गो हिरा, झोपेत मान आखाडली. पायाळवाचो पाय लाव.'

म्हटलं, 'काकी, ग्रहणात इळी धरलात काय?'

बसल्या खाली, मान पुढे करून. लावला पाय. पाय त्याचा, जोर माझा. आणि सुटली की हो मेली मान!

उठल्या, सहदेवाकडे बघितलं, तो आपला पाय तोंडात घालून पडलेला. काकी गावभर सांगत सुटल्या, 'पोरान आपलोच पाय मानेक लावन घेतल्यान, म्हणान बरो झालो.'

सांगू देत. माझ्या हातांना कामं आहेत... व्यायामाची वेळ झाली.