चाळणीखालच्या तुळईवरची फळी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे भिंगकाका, शेजारी बसलेल्या काकू आणि कारखान्यातल्या माझ्या सर्व सोबत्यांनो,

काका चौतीस वर्षं एकच प्रश्न विचारत आले: हा सांधा अजून किती दिवस? पोलाद एका मोठ्या ओझ्याने सहसा मोडत नाही. लहान ओझं लाखो वेळा येऊन गेलं की ते थकतं, आणि हा थकवा आधी दिसतो वेल्डच्या कडेला. तिथे काका भिंग लावून बसतात. काकू म्हणतात, "घरी देवासमोर इतका वेळ कधी बसले नाहीत." मला विचाराल, तर तीही पूजाच.

अकरा वर्षांपूर्वी चाळणीयंत्राच्या माळ्याचं उरलेलं आयुष्य मी कागदावर काढलं होतं. अठरा वर्षं. नकाशात तुळई खालून कोरी होती, मीही कोरीच धरली. काका शिडीवर चढले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या अठरा वर्षांना इथे तडा गेलाय."

तुळईच्या खालच्या अंगाला, ऐन मध्यावर, दिवा ठेवायला तळहाताएवढी लोखंडी फळी वेल्ड केली होती. तिच्या टोकाशी केसाएवढी चीर. चाळण त्याच दिवशी थांबवली. खाली बावीस माणसं काम करत होती.

चौकशीत वेल्डर म्हणाला, "मीच लावली." खोटं नव्हतं. कोणी लावायला सांगितली, ते मात्र तो बोलला नाही. त्याची बढती गेली. अजूनही डबा खाताना कोणीतरी विचारतं, "काय दिवावाले, आज कुठली तुळई?" तो हसतो, आपण हसतो. मीही हसत आलो.

मंडळी, ती फळी मी लावून घेतली होती. कामाआधी हात जोडायला मला जागा हवी होती. आणि गणित करताना तीच विसरलो, कारण माझ्या लेखी ती देवाची होती, तुळईची नव्हती.

काकांना हे ठाऊक होतं. वेल्डरनेच त्यांना गप्प बसवलं होतं, साहेबांची नोकरी जाईल म्हणून. गेल्या गुरुवारी काका मला म्हणाले, "निरोपाचं भाषण तुम्ही करा. कौतुक नको. एक सांधा तपासायचा राहिलाय, तेवढा बघा."

"इतक्या वर्षांनी, काका?"

"मग काय, मी गेल्यावर बघणार?"

अध्यक्ष महोदय, माझा लेखी जबाब सकाळीच आपल्या टेबलावर ठेवला आहे. ती फाईल पुन्हा उघडावी, ही विनंती.

काका, तुम्ही माझी वाट पाहिलीत, याचे आभार कसे मानू? काकू, आता हे घरी असतील. सांभाळून घ्या, कपाटाच्या बिजागऱ्यांनाही भिंग लावतील. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलताना कुठे अडखळलो असेन, तर ते पोटात घाला. त्या फळीची माफी मात्र मी इथून मागत नाही. ती मागायला आता खाली, तिसऱ्या रांगेत येतो आहे.