मागं बोलणारा कोणी नव्हता

मी कोंढ्याची, पवनी तालुक्यातली. मायबाप दोघंही दुसऱ्याच्या बांधीत धान रोवाले जात. आमचं बौद्धांचं घर, आज्यानंच दीक्षा घेतली होती, त्यामुळं जेवाले उशीर झाला तरी चालन पण पोट्ट्यांची शाळा बुडाली नाही पाहिजे, असं होतं. मी बारावी झाली. मंग लग्न झालं, प्रज्ञा झाली, मंग नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली अन् मी पोरीले घेऊन भावाकडे आली. ह्या सगळ्याले कितीक वर्षं लागली अन् मी एका दमात सांगून टाकलं, नाही का? पण काय सांगू तुम्हाले, त्यात सांगासारखं काही नाही.

भाऊ वाईट नव्हता. वहिनीही वाईट नव्हती, उगाच कायले खोटं बोलाचं. पण घर लहान, अन् माणसं वाढले म्हणून भात शिजवाचं गंज काही मोठं होत नाही. वहिनी तोंडानं कधी काही बोलली नाही, फक्त आम्हाले वाढताना तिचा हात जरासा थांबे. मले ते दिसे. मले वाटे, मलेच दिसते.

मंग गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर, भंडाऱ्याले एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीसाठी बाई पाहिजे असं समजलं. राहाले खोली देणार होते. लोक म्हणत, पगार किती ते विचार आधी. मी विचारलंच नाही. खोली ऐकली अन् अर्ज केला. मुलाखतीले या असं बोलावणं आलं, तेव्हा मात्र मी मामाकडे धावली, कारण जिंदगीत मी कोणा साहेबापुढं बसून बोलली नव्हती.

तर माझा मामा. मामा म्हणजे नाटकातला प्रॉम्प्टर. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा, नाटकं होतात, अन् प्रॉम्प्टर पडद्यामागं बसून वाक्यं सांगते, नटानं ते उचलून जोरात म्हणाचं. गावचे नट, दिवसा धान कापून आलेले, ते कायले पाठ करतात? मामा म्हणे, मुक्यासारखे पोट्टे मी राजे करून उभे केले, तू काय मोठी चीज आहे. अन् तालीम सुरू.

मामीले त्यानं साहेब केलं, खुर्चीत बसवलं. मी समोर उभी, मामा माझ्या मागं. मामी विचारे, तुम्हाले ही नोकरी काहून पाहिजे. मामा मागून हळूच सांगे, मी जोरात म्हणो. मामा म्हणे, आवाज मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, अन् साहेबाले पाठ दाखवाची नाही. मामी कंटाळून जाये, म्हणे मले स्वयंपाक कराचा आहे, मी नाही राहत साहेब. मामा म्हणे, साहेब असं बोलत नसते, बस खाली. रोज हेच. मी फाडफाड बोलाले लागली. मामा खूश, मामी खूश, मीही खूश.

मुलाखतीले मामा सोबत आला. नाव पुकारलं तसा तोही उठला. शिपाई म्हणे, बाईंनी एकटीनं जाचं. मामा म्हणे, मी काही बोलणार नाही, नुसता मागं उभा राहतो. शिपायानं त्याले बाकावर बसवून देलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आवाज माझ्याजवळ आहे अन् वाक्यं सारी मामाजवळ.

आत दोन साहेब अन् एक मॅडम. मॅडमनं नाव विचारलं. नाव तर माझंच होतं, ते मी इतक्या जोरात सांगतलं की एका साहेबानं दचकून मान वर केली. मॅडम म्हणे, हळू बोला बाई, आम्ही इथंच आहो. मंग विचारलं, ही नोकरी काहून पाहिजे. मी थांबली. सवयच तशी लागली होती, थांबलं की मागून येते. काही आलं नाही. मी मान वळवून पाहिलं तर मागं भिंत. मॅडम म्हणे, काय पाहून राहिल्या? मी म्हटलं, काही नाही. खरं सांगते, खूप भेव लागलं. खोली गेली म्हटलं हातची.

मॅडमनं मंग दुसरं विचारलं. नवी आलेली पोरगी जेवत नाही, भूक नाही म्हणते, तर तुम्ही काय कराल? हे तर मामाजवळही नव्हतं. मी म्हटलं, मॅडम, माझी पोरगी असंच म्हणते. आम्ही भावाच्या घरी राहतो. एकदा वाढलेलं खाते अन् दुसऱ्यांदा कोणी विचाराच्या आधीच पोट भरलं म्हणते. तिले भूक असते, पण ती आधी वाढणारीच्या हाताकडे पाहते. तशा पोरीले विचाराचं नाही मॅडम, विचारलं की ती नाहीच म्हणन. जवळ बसाचं अन् वाढाचं.

हे बोलताना माझा आवाज कुठं गेला होता मले माहीत नाही, मॅडम पुढं वाकून ऐकून राहिल्या होत्या. अन् माझं मीच ऐकलं तेव्हा मले समजलं, की पोरीले सगळं दिसत होतं. तोपर्यंत हे मी मनातही आणलं नव्हतं. तिथं रडली नाही मी. बसून राहिली.

मॅडम म्हणे, खोलीत पोरीले ठेवता येईल तुम्हाले.

बाहेर मामानं एवढंच विचारलं, आवाज पोचला का? म्हटलं, पोचला.

आता त्याले बरीच वर्षं झाली. खोली संस्थेची आहे, निघा म्हटलं की निघावं लागन, त्याचं काही नाही. प्रज्ञा कॉलेजात जाते. इथं आलो तेव्हा सुरुवातीले भात संपला की ताट तसंच धरून बसे अन् विचारे, आई, आणखी घेऊ का? मी रागवो, म्हणो, कोणाले विचारून राहिली, घर कोणाचं आहे? तरी विचारे. किती दिवस विचारे. आता नाही विचारत. कॉलेजातून येते, हात धुते, गंज पुढं ओढते अन् घेते, कधी कधी माझ्यासाठी उरतही नाही. मी तिले म्हणते, घे माय, घे.