पुंजारामचं बोट

—नाय ताई, आज नाय व्हायचं, तुम्ही घाई करून काय उपयोग? इकडून बघा, बेस गिटारची मान मागं झुकली—दिसती का? हिच्या पोटात लोखंडी सळी असती, ट्रस रॉड म्हणतात, तारांच्या ओढीला तोलून धरायला. ती कोणीतरी नको तेवढी आवळली, म्हणून तार पट्टीला घासून खर्रखर्र वाजती. आता ढिली करावी तर नटाचे कोने गोल करून ठेवलेत, पाना धरतच नाय—घसरला बघा, तिसऱ्यांदा. जोर लावला अन् सळी तुटली म्हंजे? एवढ्या जुन्या गिटारीच्या मापाची सळी मी कुठनं आणू? पाव फेरा द्यायचा असतो—पाव—मग दिवसभर हात लावायचा नाय. पण हे त्या गाढवाला कोण सांगणार.

ठिपका? कुठला... तो व्हय. पिवळा रंग हाय, काय नाय. वाळूजला कंपनीत आमच्या लाईनवर पद्धत होती—नट आवळला की पिवळा ठिपका द्यायचा, म्हंजे पुढच्याला कळतं, हे पक्कं झालं. हां, आमच्या. फिटर होतो मी, बावीस वर्षं. असं काय बघता? वडिलांचं नाव नका सांगू, ठाऊक हाय मला—पुंजाराम. गिटार दारातनं आत आली तेव्हाच वळखली मी.

गारखेड्यात ऑर्केस्ट्रा होता आमचा, मी कोंगो वाजवायचो, पुंजाराम हीच बेस गिटार. गणपतीचा कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला, अन् त्याच्या डाव्या हाताचं बोट दारात चेंगरलेलं, नुकतंच बरं झालेलं. तारा उंच, दाबताना कळ यायची त्याला. म्हणलं सळी आवळली की तारा खाली बसतील, दोस्ताला तेवढाच आराम. तो चहाला गेला अन् मी पाना घातला, कंपनीत आवळतात तसा आवळला, करकचून. ठिपका बी दिला—सवय, दुसरं काय. कार्यक्रमात पहिल्या गाण्यापासनं खरखर. त्याला वाटलं, बोटच दाबत नाय आता. मान खाली घालून उतरला तो परत स्टेजवर चढला नाय. दुसऱ्या दिवशी सळी ढिली करायला गेलो तर गिटार पेटीत घालून माळ्यावर टाकलेली. आज सांगू, उद्या सांगू—एकतीस वर्षं झाली. हे काम मी कशापायी शिकलो, वाटतं तुम्हाला? लोकांच्या शंभर गिटारी सरळ केल्या, लई शहाणा मी.

अजून बी तेच म्हणतो? रिटायर होऊन गप्प बसतो, अन् म्हणतो बोट गेलं माझं? काय झालं नव्हतं ताई त्याच्या बोटाला.

फोन कशाला काढता? ठेवा तो. मी येतो ना घरी एखाद्या दिवशी, सावकाश बोलतो—लावला बी? आणा इकडं.

पुंजाराम, रामकिसन बोलतोय. कोंगोवाला रामकिसन... व्हय, माझ्यापाशीच आणली तुझ्या पोरीनं. ऐक, तुझं बोट—थांब जरा. ताई, तुम्ही भाईर जाऊन बसा.